खंदकावरची बाग आणि माझे सासरे

फोन बँकेत आला. मेहुणी म्हणाली, "बाबा पहाटे गेले, झोपेतच." आणि वर, "सरळ घरी या, वाटेत कुणाशी इतिहास बोलत बसू नका." सासरी माझी कीर्ती ही अशी. ती कशी झाली हे सांगायचं तर सासऱ्यांची, नृपेनबाबूंची, आणि माझी पहिली भेट सांगावी लागेल...

साठचं दशक सरत होतं. मी कलकत्त्यातच जन्मलेला, बालीगंजला वाढलेला मराठी कारकून. माला बागबाजारच्या इतिहासाच्या एका मास्तरांची मुलगी. तिनं बजावलं होतं, "बाबा नाही म्हणाले तर मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. जपून बोल." नृपेनबाबूंनी मला घरी नव्हे, जवळच्या बागेत बोलावलं. जुना मराठा खंदक बुजवून केलेली ती बाग. दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीनं शहराभोवती खणलेला तो खंदक. मी घामाघूम, बोलायला विषय सुचेना, आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातली भाषणं मात्र सगळी पाठ. म्हटलं, मास्तर इतिहासाचे, खूश होतील. "आमचा नुसता दरारा ऐकून तुम्ही एवढा खंदक खणलात," मी म्हणालो, "आणि गंमत म्हणजे आमचे लोक इथं आलेच नाहीत." बोलताना हातानं तलवारही चालवली असावी.

ते चालता चालता म्हणाले, "इथं नाही आले. आमचं गाव बर्धमानकडं. तिथं आले होते. कोठारं पेटवली, म्हणून आमचे पूर्वज पळून या खंदकाच्या आत आले."

मराठी घोडेस्वारांना बंगालीत बर्गी म्हणतात आणि त्यांची भीती घालून इथल्या आया अजून पोरांना झोपवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. फक्त त्या संध्याकाळी आठवलं नाही.

"माफ करा. मी निघतो," मी म्हणालो.

"कशासाठी आलात, ते सांगितलंच नाहीत."

"मालासाठी."

"न्यायला?"

"विचारायला."

"नाही म्हणालो तर?"

"ट्रामनं परत जाईन."

ते पहिल्यांदा हसले. "विचारून येणारा मराठा आमच्या घराण्यानं अजून पाहिला नव्हता. रविवारी आईला घेऊन ये जेवायला." तुम्हीचा तू झालाय, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

आईनं रविवारी मासे बाजूला सारून वांग्याचे काप खाल्ले. नृपेनबाबूंनीही त्या दिवशी माशांना हात लावला नाही. आम्ही गेल्यावर, माला सांगते, त्यांनी दोन वाट्या भरून वसुली केली.

श्राद्ध आटोपल्यावर, गेल्या रविवारी, मी एकटाच त्या बागेत गेलो. कोपऱ्यातल्या बाकावर त्यांचे दोन सोबती बसले होते. दोघांचीही नजर अधू. रोज संध्याकाळी नृपेनबाबू त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. त्या दिवशीचा पेपर घडी न मोडता मधे पडला होता... मी कोण ते सांगितल्यावर एकानं तो माझ्या हातात दिला आणि सरकून जागा केली. माझी बंगाली बोलण्यापुरती. पहिल्याच मथळ्यात दोनदा अडलो.

"नृपेन असा वाचत नसे," एक म्हणाला.

"त्यानंच याला घरात घेतलं," दुसरा म्हणाला, "आता ऐकून घे. आणि तू वाच रे, सावकाश वाच."