आप्पांची पडताळणी

गायकवाड आप्पांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम दोनशे ग्रॅमचं पितळी वजन असायचं. दादरच्या मंडईत भाजी घ्यायची झाली की आधी ते वजन बाहेर निघायचं, भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बसायचं आणि आप्पा आकडा मोठ्यानं वाचायचे. दोनशे वीस दिसले की आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "अरे, तुझ्याकडे येऊन माझ्या वजनानं बाळसं धरलं की!" भाजीवाला मुकाट्यानं दुसरा काटा काढायचा. बरं, आकडा बरोबर आला आणि खूश होऊन भाजीवाल्यानं वर चार मिरच्या टाकल्या, तर आप्पा त्या परत करायचे. "जास्त माप हेसुद्धा चुकीचंच माप."

वजनमापे खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर सरकारनं त्यांना सोडलं, पण त्यांनी सरकारचं काम सोडलं नाही. डिलाईल रोडवरच्या ज्या चाळीत ते जन्मले, तिथे आता आमचे दोन टॉवर उभे आहेत. मागच्या बुटक्या टॉवरमध्ये चाळीतली जुनी माणसं आणि पुढच्या उंच टॉवरमध्ये आम्ही, विकत घेऊन आलेले. दोघांचं गेट मात्र एकच, आणि त्या गेटाच्या शेजारच्या बाकावर आप्पा सकाळ-संध्याकाळ बसलेले असायचे.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळाची चौकशी केली. हे पावलं मोजतं, आज सात हजार झाली, असं मी कौतुकानं सांगितलं.

"पाऊल केवढं धरलंय?"

"म्हणजे?"

"तुमचं पाऊल वेगळं, माझं वेगळं. याचं कितीचं? आणि याची पडताळणी कोण करतं? वर्षातून एकदा शिक्का मारून आणता का?"

मी हसले. माटुंग्याच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे सामान्य माणसाच्या भाबडेपणाकडे सहानुभूतीनं पाहायची मला सवय आहे. आप्पांचं म्हणणं एवढंच असायचं की यंत्राला दोष नाही, पण ते बरोबर मोजतंय हे दुसऱ्या कुणीतरी पाहिलं पाहिजे. ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन आलेल्या डॉक्टरांनाही त्यांनी शिक्का विचारला होता. डॉक्टरांचंच प्रेशर वाढलं असं सांगतात.

मग आमच्या सोसायटीत गेटाचं ॲप आलं. कामाला येणाऱ्या बाया, ड्रायव्हर, दूधवाले सगळ्यांची नावं, फोटो आणि कामाच्या वेळा त्यात होत्या. ज्या घरी बाई काम करते त्या घरानं तिला एक ते पाच तारे द्यायचे. कुणी किती दिले ते गुप्त. बाईच्या नावापुढे सरासरी मात्र सगळ्यांना दिसायची. मी हौसेनं माझ्या सुरेखाला पाच तारे दिले, आणि आठ दिवसांत बाविसाव्या मजल्यावरच्या बाईंनी तिला पळवली. त्यांचा तरी काय दोष? दुकानाच्या काचेत माल मीच मांडला होता.

सुरेखानंतर मालन आली. तिच्या हातची पोळी, तिचा नेटकेपणा, तिची वेळ, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच मी तिला दोन तारे दिले. दोन ताऱ्यांच्या बाईकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही, असा माझा हिशेब. श्रमप्रतिष्ठेवर माझे तीन निबंध छापून आले आहेत, पण पोळ्यांचा प्रश्न वेगळा असतो.

काही महिन्यांनी कमिटीनं ठराव केला की ज्या बाईची सरासरी दोनच्या खाली जाईल तिचा पास आपोआप बंद. दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला मालनचा फोन आला. "ताई, गेट मला घेत नाय. वॉचमन बोलतो, लाल दाखवतंय."

मी खाली गेले. वॉचमन बिचारा हात जोडून म्हणाला, "मॅडम, मी काय करू? सिस्टीमच घेत नाय." मालनची आमच्या टॉवरमधली पाच घरं होती आणि त्या पाच घरांवरच तिचं घर चालत होतं. ती रोज सकाळी येऊन गेटाबाहेर उभी राहायची, दहा वाजेपर्यंत वाट बघून परत जायची. मी लगेच ॲप उघडून तारे बदलायला गेले. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे,' असं ॲपनं सांगितलं आणि पास बंद झाल्यावर तीस दिवस तो बदलता येणार नाही असंही सांगितलं. सेक्रेटरीकडे जाऊन खरं काय ते बोलणं एवढंच उरलं होतं. ते मी केलं नाही. मला लाज वाटली, आणि मालनच्या नोकरीपेक्षा ती लाज मला मोठी वाटली.

चौथ्या दिवशी आप्पा वही घेऊन माझ्या दारात उभे. पाचही घरं ते फिरत होते.

"बाई, तुम्ही मालनला किती तारे दिलेत?"

"पाच," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "पाच. बरं." वहीत लिहिलं.

"चहा टाकते ना, आप्पा."

"नको. तपासणीला गेलेल्या माणसानं दुकानदाराचा चहा घेऊ नये."

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रविवारी सभा झाली. सेक्रेटरी तरुण, हुशार, कुठल्याशा बँकेत मोठ्या जागेवर. आप्पा उठले तसा तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, हा डेटा आहे. डेटा खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत," आप्पा म्हणाले. "मी पाची घरांत जाऊन आलो. पाचीजणींनी सांगितलं, पाच-पाच तारे दिले. तुमच्या पडद्यावर सरासरी दिसतेय एक पूर्णांक दोन. आता एक तर ही शिकलेली पाच घरं खोटं बोलतायत, नाही तर तुमचा काटा. माझा या पाच घरांवर विश्वास आहे. काटा सील करा."

"त्यात काय, कुणी किती दिले ते कंपनीकडून आत्ता मागवतो," सेक्रेटरीनं फोन उचलला.

आणि मग मी, सोसायटीच्या सभेत कधी तोंड न उघडणारी, उभी राहिले. खासगीपणाचा हक्क, यंत्राची पाळत, नागरिकाची प्रतिष्ठा या विषयांवर मी दहा मिनिटं बोलले. अत्यंत तळमळीनं बोलले. माझं संपतं न संपतं तोच चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी अनुमोदन दिलं, मग अकराव्या, मग सतराव्या, मग एकोणिसाव्या. मालनची पाचही घरं खासगीपणासाठी पेटून उठली होती! त्या क्षणी मला उमगलं की पोळ्यांचं राजकारण मी एकटीच खेळत नव्हते. तारे बंद करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. आप्पा वही मिटून शांतपणे खाली बसले. सोमवारी साडेसातला मालन कामावर आली.

आप्पा सगळं ओळखून होते, आमच्याच खोट्याचा त्यांनी पुरावा केला आणि वर आम्हाला झाकून घेतलं, असं मी मानत राहिले. त्यांच्या या मोठेपणाबद्दल मी मनातल्या मनात त्यांची ऋणी होते. ते दिसले की मी नमस्कार जरा जास्तच वाकून करायचे. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही.

पुढच्या हिवाळ्यात आप्पा गेले. चार दिवस हॉस्पिटलात होते, तेवढंच. पुण्यानुमोदनाला मागच्या टॉवरचा हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली, माणसं बोलली. माझ्याही हातात माईक दिला. मी त्यांच्या प्रामाणिकपणावर बोलले आणि बोलता बोलता माझा मलाच उबग आला.

दुसऱ्या दिवशी मालन पोळ्या लाटत होती. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. "मालन, ते तारे... मी तुला दोनच दिले होते गं."

तिचं लाटणं थांबलं नाही. "माहीत आहे, ताई."

"कधीपासून?"

"सभेच्या आदल्या दिवसापासून. आप्पा घरी आले होते माझ्या. बोलले, तुझं काम चांगलं आहे म्हणून तुला लपवून ठेवलंय पाचीजणींनी. उद्या सभेत सगळ्यांसमोर एकेकीचं नाव घेतो, तू फक्त हो बोल."

"मग?"

"मी नको बोलले. नावं घेतली असती तर पाची घरं गेली असती माझी." तिनं पोळी तव्यावर टाकली. "ते लय चिडले होते. सारखे बोलत होते, हे बरोबर नाय मालन, हे बरोबर नाय. पण शेवटी बोलले, तुझं नुकसान आहे, तू सांगशील तसं."

आठ दिवस ती गेटाबाहेर उभी होती, आणि तुला काय हवंय असं तिला विचारणारा तो एकच माणूस. आम्हाला झाकलं होतं ते मालननं. आप्पांनी मन मारून तिचं ऐकलं होतं.

"दोन दिलेले ना तुम्ही?" मालननं विचारलं. "आप्पा बोललेले, पाच घरांचे मिळून सहाच होते. म्हणजे बाकीच्या चौघींनी एक-एकच दिला."

तिनं पोळी उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाली, "त्यातल्या त्यात तुम्ही बऱ्या."