सरांची तकलीफ

आमच्या बास्केटबॉलच्या सरांइतका अदबशीर माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही, आणि पोरींना दुसऱ्याला छळायला इतक्या मनापासून शिकवणारा माणूसही झाला नाही. रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याला ‘तकलीफ झाली तुमाला’ म्हणणारे सर मैदानात आले की तोच शब्द घेऊन आमच्या मागे लागायचे. समोरच्या पोरीपुढे हात पसरून उभं राहायचं, तिला वळू द्यायचं नाही, चेंडू टाकू द्यायचा नाही, याला जगात काय म्हणायचं ते म्हणोत. आमच्या कॉलेजात त्याला ‘तकलीफ’ म्हणत. “हात न लावता तकलीफ द्याची! काहून थांबली? तकलीफ दे तिला!”

सर मूळचे कुरुंद्याचे आणि हाडाचे कबड्डीपटू. कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून लागले तेव्हा सिमेंटचं मैदान तयार होतं आणि खेळ कोणालाच येत नव्हता. पहिल्या दिवशी चेंडू हातात घेऊन त्यांनी शिपायाला विचारलं म्हणे, “यात पकडायचं न्हाई कोणाला, तर मग खेळतात तरी काय?” पण एकदा हातात घेतलेलं काम सोडायचं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. नांदेडला जाऊन सामने बघून बघून ते हा खेळ शिकले आणि सगळी नोकरी त्याच एका मैदानावर घालवली. वरच्या जाळीला ते शेवटपर्यंत टोपलंच म्हणत राहिले. खेड्यातून आलेल्या आम्हा पोरींना ते बरंच होतं. टोपल्यात टाकायची सवय आम्हाला शेतातच लागलेली.

हळदीच्या हंगामात शेजारचे शेतकरी शिजवलेली हळद आमच्या मैदानावर वाळत घालायचे. प्राचार्य चिडायचे. सर म्हणायचे, “लक्ष्मी हाय ती, तिला काहून उठवायचं?” आणि आम्हाला त्या ढिगांच्या मधून चेंडू आपटत पळायला लावायचे. जिचा पाय हळदीला लागेल तिने तो ढीग हलवून द्यायचा. त्यामुळे आमचे तळहात कायम पिवळे. हे वेड होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण त्या गल्ल्यांतून पळालेली पोरगी पुढे कुठेच अडत नसे, हेही खरं.

सामन्यांत मात्र नशीब आडवं यायचं. एकदा सरांची “तकलीफ! तकलीफ!” ही हाक ऐकून पंचांनी खेळच थांबवला आणि पाण्याचा तांब्या घेऊन सरांकडे धावले. नको म्हणायचं कसं, म्हणून सर ते सगळं पाणी पिऊन बसले. तेव्हापासून पंच मंडळी त्या हाकेकडे लक्ष देईनाशी झाली.

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धा लांबून हळदीच्या हंगामात गेल्या. जाताना बसमध्ये सर माझ्या शेजारच्या शबानाला म्हणाले, “एकदा तरी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं म्हणतो पोरी. दरसाल पहिलाच सामना हरून संध्याकाळच्या यष्टीनं परत येऊन राहिलो.” आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो. मैदानावर समोरच्या संघाच्या मॅडमनी आमचे हात बघून विचारलं, “सगळ्यांची लग्नं एकदमच ठरली का?” सर गंभीरपणे म्हणाले, “व्हय मॅडम. वरात संध्याकाळी निघंल, या तुमी.”

सामना शेवटपर्यंत बरोबरीत चालला. शेवटची काही मिनिटं उरली आणि सरांची हाक आली, “तकलीफ!” आम्ही भिडलो. पुन्हा हाक आली, आम्ही आणखी भिडलो. तिसरी हाक जरा बारीक आली. शबाना ओरडली, “सर का गला बैठ गया, और जोर लगाओ!” आम्ही समोरच्या पोरींना श्वास घेऊ दिला नाही. शबानाने चेंडू हिसकावला, मी तो टोपल्यात टाकला, शिट्टी झाली. जिंकलो! नाचत वळून बघितलं, तर सर बाकाला टेकून खाली बसले होते, छातीवर हात, अंग घामाने भिजलेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सपाटून हरलो आणि तशाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर वेळेत आणलं म्हणाले होते. शबानाला रडू आवरेना. “सर, हमको लगा आप खेल का बोल रहे.”

“बराबर वाटलं तुमाला,” सर म्हणाले. “पहिल्या दोन हाका तुमच्यासाठीच व्हत्या. तिसरी तेवढी माझी.” मग उशीवरून मान उचलून म्हणाले, “पण थांबलो का न्हाई दुसऱ्या दिवसापर्यंत?”

आता सर कुरुंद्याला असतात. कॉलेजात त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मैदानावर हंगामात हळद असते आणि एरवी मोटारसायकली. मला सरांची फार आठवण येते, मग मी फोन करते आणि विचारते, “सर, काही तकलीफ न्हाई ना?”



“न्हाई बाई,” ते म्हणतात. “द्यायला कोणी राहिलंच न्हाई.”