कल्याणीच्या काठी एक जीवरक्षक

आरंभीच क्षमा मागते. आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. प्रयोगवह्या तपासण्यापलीकडे लेखनाशी माझा संबंध आला नाही. साठी उलटल्यावर लेखणी हाती घ्यावी आणि तीही दुसऱ्या कोणाविषयी लिहिण्यासाठी, हा आगाऊपणा आहे हे मला कळते. परंतु ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या स्वतःविषयी कधी लिहिणार नाहीत, आणि आणखी कोणी लिहील असे दिसत नाही. नाव मात्र गाळते. त्यांना ते रुचणार नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी त्या पाण्याशी बोलत. काठावर उकिडव्या बसून हाताने पाणी हलवत आणि गोठ्यातल्या गाईला बाजूला सारावे तशा स्वरात म्हणत, "सरी, आले गं. स्वल्प सरक." कन्नडमधले 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे जरासं. बनशंकरी या आमच्या शहरी वस्तीतल्या तरणतलावाचे ते निळे, औषधाच्या वासाचे पाणी. त्याच्याशी इतक्या सलोख्याने बोलणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

त्यांचे गाव बनशंकरीच्या दक्षिणेला, बसने तासाभराहून अधिक अंतरावर. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन वसलेली काही मराठी घरे तेथे आहेत. चुलीपाशी मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. यांच्या घरी रेशमाच्या अळ्या पाळतात. अळ्यांना तुतीचा पाला घालून त्या पहिल्या बसने निघत आणि पुढचा पाला घालायच्या वेळेला घरी पोचत. अळ्यांना रविवार नसतो, असे त्या म्हणत.

गावात दगडी पायऱ्यांची जुनी कल्याणी आहे, म्हणजे चौकोनी कुंड. वर्षानुवर्षे गाळाने भरलेली ती कल्याणी गावकऱ्यांनी उपसली आणि तिला पुन्हा पाणी आले. त्या वर्षीच्या गौरीला बायका सुपातले वाण घेऊन पाण्याला द्यायला गेल्या. तिकडे त्या वाणाला बागिन म्हणतात. त्या गर्दीत शाळेत जाणारी एक मुलगी शेवाळावरून घसरून खोल पाण्यात गेली. या बाईंनी नेसत्या लुगड्यानिशी उडी घेतली आणि तिला वर काढले. मुलगी वाचली; पण पंचायतीने कल्याणीला लोखंडी फाटक बसवून कुलूप घातले. प्रशिक्षित, प्रमाणपत्र मिळवलेला जीवरक्षक काठावर असेल तरच फाटक उघडेल, असे ठरले. शहरातून एखादा तरुण आणू, असेही कोणी सुचवले.

काठावर परका पुरुष उभा राहिला तर बायका फाटकाबाहेरच राहतील, मग कुलूप काय वाईट, असे यांनी सभेत सांगितले. एका सभासदाने विचारले, की तुला पोहता येते हे ठाऊक आहे, पण प्रमाणपत्र कुठे आहे?

"त्याला काय, आणते की," त्या म्हणाल्या.

हे "त्याला काय" आपल्यालाही परिचयाचे असेल. असे माणूस प्रत्येक गावात एखादे तरी असते. फरक इतकाच, की या खरोखरच आणायला निघाल्या.

आमच्या तलावावर जीवरक्षकांचे वर्ग घेणारे प्रशिक्षक नौदलातून निवृत्त झालेले, हिंदी आणि इंग्रजी बोलणारे. पाठ मराठीत समजावून देण्यासाठी माझी नेमणूक झाली, कारण त्या तलावावर रोज येणाऱ्यांत मराठी शिकलेली मीच. मी 'कृत्रिम श्वासोच्छ्वास' या विषयावर बरेच सविस्तर बोलले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तोंडाला तोंड लावून फुंकायचं. असं सांगा की, अक्का." छाती दाबण्याच्या सरावासाठी प्लॅस्टिकचा अर्धा पुतळा होता. त्याला त्या 'अण्णा' म्हणत. खांदा हलवून अण्णांना ऐकू येते का हे विचारल्याशिवाय त्यांनी एकदाही दाबायला सुरुवात केली नाही. पुस्तकात हेच लिहिले होते, परंतु इतक्या आस्थेने नव्हे.

माझ्याकडे आणखी एक काम आले. मी पोहायला उतारवयात शिकले आणि बेताचीच शिकले. त्यामुळे सरावाच्या वेळी बुडणारी व्यक्ती म्हणून माझी निवड झाली. इतके नैसर्गिक कोणी बुडत नाही, असे प्रशिक्षकांचे मत होते. ओरडणे मात्र मला जमेना. भर तलावात, लोकांसमोर "वाचवा" म्हणायचे म्हणजे संकोच वाटे. मी ते हळूच म्हणत असे.

"अक्का, नीट बुडा," त्या काठावरून म्हणत. "इतकं लाजून कोण बुडतं? मरणाला काय वाटेल?"

पोहण्यात त्यांना तोड नव्हती. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून त्या शिकल्या होत्या. अडचण निराळीच होती. जीवरक्षकाचा पहिला नियम असा, की उडी सर्वांत शेवटी. आधी हाक मारायची, मग काठी पुढे करायची, काठी पोचत नसेल तर दोरी फेकायची. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि एकाऐवजी दोघे जातात, म्हणून. हा नियम मी पुन्हा पुन्हा समजावला. त्या मान हलवत, आणि मी पाण्यात हात मारू लागताच धप्पकन माझ्याशेजारी असत.

"बुडणाऱ्याला काठी दाखवायची?" त्या एकदा वैतागून म्हणाल्या. "तो काय साप आहे?"

पहिल्या परीक्षेतही तेच घडले. परीक्षकांनी शिट्टी वाजवली, मी लाजत बुडू लागले आणि काठी, दोरी सगळे जागच्या जागी ठेवून बाई पाण्यात. मला त्यांनी विलक्षण वेगाने काठाला आणले. परीक्षकांनी त्यांचे कौतुक केले आणि त्यांना नापास केले.

त्या दिवशी त्या ओले केस पिळत बराच वेळ बाकावर बसल्या होत्या. गौर जवळ आली होती आणि त्याआधी परीक्षेची एकच संधी उरली होती. सांत्वन कसे करावे हे मला कधीच कळलेले नाही. मी शेजारी बसून टॉवेल पुढे केला. त्या बोलू लागल्या. विहिरीत, कल्याणीत, जिथे कोणी बुडाले तिथे उडी मारायची, एवढेच त्यांना कोणी न शिकवता येत होते. आता ते विसरायचे म्हणजे पापण्या न मिटता बसण्यासारखे आहे. मग उठून पदर खोचत म्हणाल्या, "त्याला काय, विसरते की."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेले. अंगणात त्यांनी गाईच्या दाव्याला रिकामा प्लॅस्टिकचा डबा बांधला होता आणि समोर ओसरीवर त्यांच्या सासूबाई पाय सोडून बसल्या होत्या. बुडणाऱ्या त्या. डबा त्यांच्या हाताशी पडला पाहिजे, अंगावर पडता कामा नये. तो कधी कोंबड्यांत पडे, कधी वाळत घातलेल्या मिरच्यांत.

"अजून जिवंत आहे मी," सासूबाई शांतपणे म्हणत. "फेक परत."

दुपार कलेपर्यंत हे चालले. फेकण्यापूर्वी प्रत्येक वेळी बाईंचा उजवा पाय आपोआप पुढे येई आणि प्रत्येक वेळी त्या तो मागे घेत. मी पाहिलेल्या कष्टांमध्ये हे कष्ट मला सर्वांत अवघड वाटले. आपण पाहिले असते तर आपल्यालाही वाटले असते.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी खोल बाजूला गेले, ठरल्याप्रमाणे हात वर केले, आणि त्याच क्षणी माझ्या पोटरीत गोळा आला. पाणी नाकातोंडात गेले. पायाखाली काही नव्हते. तेव्हा मी ओरडले. तलावाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेले म्हणे. हा माझा अभिनय नाही हे बाईंच्या ध्यानात आले. एवढ्या सरावानंतर माझे खोटे बुडणे त्यांच्याइतके कोण ओळखत होते?

मला दिसल्या त्या काठावर उभ्या. उजवा पाय पुढे आलेला. तो मागे गेला.

"अक्का, माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा होता, पण त्यात घाई नव्हती. "दोरी येते आहे. धरा."

पहिली दोरी मला धरता आली नाही. त्यांनी ती ओढून घेतली आणि पुन्हा फेकली. मधला तो काळ मला फार दीर्घ वाटला. त्यांना किती दीर्घ वाटला असेल, ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या खेपेला ती माझ्या मनगटावर पडली. मी धरली. त्यांनी मला काठाला लावले, वर घेतले, कुशीवर निजवले आणि मगच त्या खाली बसल्या. अंगावरचा पोशाख कोरडा होता आणि दोरी अजून मुठीत होती.

"उडी न मारणं लई कठीण, अक्का," त्या अगदी हळू म्हणाल्या.

त्या उत्तीर्ण झाल्या. प्रशिक्षकांनी पेढे आणले. बाईंनी एक पुतळ्यासमोर ठेवला आणि अळ्यांची वेळ झाली म्हणून बस गाठली.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते परीक्षेनंतर आलेल्या गौरीला. कल्याणीचे फाटक उघडे होते. पायऱ्यांवर हिरव्या-पिवळ्या साड्यांची दाटी, सुपे, हळदकुंकू, पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुली. आदल्या वर्षी घसरलेली मुलगीही त्यांत होती, गुडघाभर पाण्यात. मी बाईंसाठी बागिन नेले होते. सवाष्णीला ते हातात द्यायचे आणि तिने पदराआडून घ्यायचे, अशी तिकडची रीत. त्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, डाव्या हातात दोरीची गुंडाळी, उजवा हात मोकळा. मी जवळ जाऊन हाक मारली.

त्यांनी वळून पाहिले नाही. डोळे पाण्यावर, एकेका डोक्यावरून पुढे सरकणारे.

"अक्का, नंतर," त्या म्हणाल्या.

मी सूप त्यांच्या पायाशी ठेवले आणि बराच वेळ थांबले. त्या दिवशी कल्याणीवर काहीही घडले नाही. मुली भिजल्या, बायका गाणी म्हणून घरी गेल्या, आणि शेवटची मुलगी पायऱ्या चढून वर येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. माझी बस होती. मी निरोप न घेताच निघाले. त्यानंतर गुडघ्याच्या दुखण्यामुळे माझे तिकडे जाणे झालेले नाही.

आपल्या गावी, पाण्याच्या काठावर, कोण उभे असते?