उलट क्रमाने
परवा एका दुकानात प्रिंटरच्या रिबिनीच्या शाईचा वास आला आणि वागळे इस्टेटमधलं माझं पहिलं ऑफिस आठवलं. नव्वदनंतरची गोष्ट. पंपाचं पातं किती थरथरेल हे ठरवायला आमच्या साहेबांनी वेग, दाब आणि तापमान या तीन चलांची तिसऱ्या पातळीची विकलजं, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, महिनाभर खपून हाताने काढली होती. मी लिहिलेला प्रोग्राम साखळी नियम लावत तीच विकलजं आपोआप काढायचा. एका ठिकाणी साहेबांचं उत्तर अधिक आणि प्रोग्रामचं उणे, चिन्हच उलटं आलं. पात्याचं ओतकाम सुरू करू का, विचारायला फाउंड्रीचा माणूस बाहेर येऊन बसलेला. आधी वेग घ्या की आधी दाब, विकलन कुठल्याही क्रमाने केलं तरी उत्तर एकच यायला हवं. प्रोग्राम तसं देत होता. कसंबसं म्हटलं, "सर, तुमचं एकदा उलट क्रमाने करून बघता का?" माझ्याकडे न बघता त्यांनी पेन्सिल उचलली. सगळं उलट क्रमाने पुन्हा मांडत गेले. आता नोकरी गेली, असंच वाटलं. मग उठून त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "आज ओतू नका. माझं चुकलंय, हिने पकडलं." हल्ली ऑफिसातली नवी मुलं माझी चूक दाखवतात, तेव्हा आधी रागच येतो, मग दारात उभे राहिलेले साहेब दिसतात, आणि मी पेन्सिल उचलते.