कोचीच्या गोदामासमोरचं भाषांतर

निवेदन अत्यंत गंभीर आहे, तरी सर्वांनी हातातला चहा खाली ठेवावा. आमच्या चाकणच्या कंपनीचा बिनपगारी विनोदवीर, म्हणजे मी, आज एक गोष्ट विनोद न करता सांगणार आहे. बायकोलाही सांगितलेली नाही. जमेल का? बघू.

पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या आमच्या प्रेस शॉपची सहल कोचीला गेली होती. जुन्या बंदराच्या भागात पायी फिरवायला एक गाइड होते. साठीचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिवळी छत्री. त्यांची हिंदी जेमतेम, इंग्रजी सुरेख. आणि आमच्यात इंग्रजी धड कळणारा मी एकटा. म्हणजे माइक आयताच माझ्या हातात!

पहिल्या चर्चपाशी मी इमानदारीत भाषांतर केलं. लोक जांभया देऊ लागले. मग पाण्यावरच्या त्या अवाढव्य चिनी जाळ्यांपाशी म्हटलं, "हे म्हणतायत, ओढायला माणसं सहा, निघतात मासे दोन. आपल्या सोमवारच्या मीटिंगसारखं." हशा! मग काय विचारता. जुना राजवाडा, मसाल्याची गल्ली... ते सांगत होते इतिहास, मी वाढत होतो मिसळ. गाइड खूश. प्रत्येक हशानंतर माझ्याकडे बघून मान लववायचे. आभार मानत होते हो माझे—कळतंय ना?

शेवटी एक जुनं गोदाम आलं. सुंठीचा वास. त्यांनी छत्री मिटली, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात बोलले. ही जागा मी कुणाला दाखवत नाही. तुम्ही कारखान्यातली माणसं, म्हणून आणलं. माझे वडील इथे हमाल होते. पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली, याच अंगणात. मला शाळेतून थेट इथेच आणलं होतं. सगळ्यांना सांगा.

शब्दन् शब्द कळला मला. मराठी वाक्यं ओठांवर तयार होती. आणि ऐकणारे कोण? आमचा भगवान, लातूरचा, अगदी पुढे उभा होता. त्याची दोन बोटं प्रेसमध्ये गेलेली. त्याला का ते समजावून सांगावं लागलं असतं?

पण चाळीस चेहरे माझ्याकडे बघत होते, हसायच्या तयारीत. आणि मी—मी म्हणालो, "हे म्हणतायत, इथली सुंठ न्या. सासूबाईंचा खोकला थांबेल. बोलणं थांबायची गॅरंटी नाही."

टाळ्या. कुणीतरी शिट्टीही मारली. गाइड आधी त्या हशाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी चष्मा पुसायला घेतला.

तो 'गाइड'चा आयटम मी अजून करतो. मोशीच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत, निरोप समारंभांत, भगवानच्या मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा केला. "गाइड होऊ द्या, राव!" म्हणतात, की मी छत्री उघडतो. गोदामाच्या आधी मिटतो. दर वेळी.

भगवानने त्या दिवशी गोदामासमोर विचारलेलं पुन्हा कधी विचारलं नाही. धूळ गेली असेल डोळ्यात, असं त्याला सांगून मी बसकडे सुटलो होतो. बाकीचे अजून हसतच होते. तो एकटा हसत नव्हता. गाइडकडे बघत, भर हशात, मोठ्याने म्हणाला होता,

"भाऊ, सुंठीचं सांगायलेत, तर मग ते रडायलेत कशाला?"