नावासकट

गीतांजली, हे तुझ्याबद्दल आहे आणि तुला न विचारता लिहिलेलं आहे. विचारलं असतं तर ‘काकू, माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं’ असं तोंडाने म्हणाली असतीस आणि त्याच वेळी हाताने कुठल्यातरी गिऱ्हाइकाला ‘कल्हई ताजी आहे मॅम, बिनधास्त वापरा’ असा मेसेज पाठवला असतास. मला खोटा नम्रपणा ऐकायला वेळ नाही, आणि खरा तुझ्याकडे फारसा नाही. तपेल्याची हकीकत तू मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलीस, काही तुझ्या सासऱ्यांनी सांगितली. मी ती सलग लावली आहे. कुठे चुकलं असेल तर फोन कर. आता मात्र गप्प बस. वाचणाऱ्यांना तू कोण ते ठाऊक नाही, तेव्हा पुढचं मी त्यांना सांगते.

गीतांजली कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत राहते. सासर साताऱ्याकडचं, आंबेकुसर गावचं. नवरा रणजीत वाशीच्या कांदाबटाटा मार्केटात, सासरे हौसेराव तिथेच पाठीवर पोती वाहून निवृत्त झालेले. दुपारपर्यंत ती रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवर बसते. येणाऱ्याला नाव विचारायचं, नळीवर नाव चिकटवायचं, पुन्हा नाव विचारून खात्री करायची. नाव चुकलं की एकाचा आजार दुसऱ्याच्या अंगात शिरला म्हणून समजा. त्यामुळे नावाच्या बाबतीत ती भलतीच कडक झाली आहे.

दुपारनंतर ती जुनी भांडी विकते. फोनवर. भंगारात आलेले तांबे, पितळी डबे, चरव्या, घंगाळी वजनावर घ्यायची, चिंच-मिठाने घासायची, खिडकीतल्या उजेडात फोटो काढायचा आणि इन्स्टाग्रामवर टाकायचा. असा धंदा करणारे पुष्कळ आहेत. पण बाकीचे भांडं बफिंगच्या चाकावर धरून आरशासारखं करतात, आणि त्यात भांड्यावरचं नाव जातं. आपल्याकडे भांडं द्यायचं तर नाव घातल्याशिवाय देत नसत. कुणी कुणाला, कशानिमित्त, कुठल्या साली, सगळं त्यावर ठिपक्यांनी ठोकलेलं. गीतांजली ते नाव जाऊ देत नाही. उलट आधी नावाचाच फोटो काढते. तिच्या पेजचं नावच आहे ‘नावासकट’.

खारघरच्या एका बाईने तिला विचारलं, “ही शकुंतला कोण? माझ्या किचनमध्ये तिचं नाव कशाला?”

“मॅम, तिच्या तांब्यातून तुम्ही पाणी पिणार. तिला नाव तरी सांगू द्या.”

“नाव काढून मिळेल का?”

“नाही. बिननावाची नवी भांडी दुकानात मिळतात.”

बाईंनी तांब्या घेतला. वर मैत्रिणींना सांगितलं की आमच्याकडे शकुंतलाबाई राहायला आल्या आहेत.

घरात मात्र हौसेरावांना हे मुळीच पटत नव्हतं. दोन खोल्यांचं घर. माल ठेवायला एकच जागा, त्यांच्या कॉटखाली. रात्री कूस बदलली की खालून पितळ वाजायचं.

“घर हाय का भंगाराची वखार?” ते म्हणायचे. “कोण कुठल्या मेलेल्या बायकांची भांडी, अन् त्यांच्यावर मी झोपायचं?”

“मामा, जिवंत बायका भांडी विकायला देतात का?”

“तोंड बघा पोरीचं! पाडव्यापतोर कॉटखालचं समदं गेलं पायजे. न्हाई तर मी जातो गावाला.”

ते नुसतं बोलणं नव्हतं. हौसेराव एकदा म्हणाले की म्हणाले. वसाहतीत छोटीशी खोली भाड्याने मिळत होती, पण तिची आगाऊ रक्कम कुठून आणायची? आणि खोली नाही तर धंदा बंद. पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं काही, ते पाडव्याला गुंडाळायचं.

तेवढ्यात निशांत नावाच्या माणसाचा फोन आला. कर्जतकडे त्याचं नवं रिसॉर्ट होत होतं. दारात ठेवायला त्याला भलंमोठं जुनं तांब्याचं भांडं हवं होतं, आत झाडं लावणार होता. असं भांडं मिळालं असतं तर खोलीचा प्रश्न एका फटक्यात सुटत होता. गीतांजलीने शब्द देऊन टाकला आणि जाईबाईला फोन केला.

जाईबाई नावड्याची. तिथल्या एका भंगाराच्या वखारीत धातू निवडते. निवडलेला माल पुढे तळोज्याच्या भट्ट्यांत जातो. चार दिवसांत तिचाच उलटा फोन.

“गो बाय, बेगीन ये. येवरा मोठा टोप आयलाय. उद्या भट्टीन जाल. नावा तर जाम हाईत.”

गीतांजली गेली. भंगाराच्या ढिगात तांब्याचं तपेलं आडवं पडलं होतं. एखादा माणूस आत मांडी घालून बसेल एवढं. काजळीने काळं ठिक्कर. तिने गाठीला होतं ते सगळं ओतून ते उचललं आणि छोट्या टेम्पोत घालून घरी आणलं. घरात ते दारातूनच शिरेना. मग चार पोरांनी धरून तळमजल्याच्या व्हरांड्यात ठेवलं. निशांतला फोटो गेला. ‘डन,’ त्याचं उत्तर. ‘फक्त पॉलिश करून प्लेन करून द्या.’

तिने ‘बोलू या’ एवढंच लिहिलं आणि चिंच भिजत घातली.

काठाखाली घासायला सुरुवात केली तशी अक्षरं वर यायला लागली. आधी ‘मौजे आंबेकुसर’. तिने हात थांबवला. मग ‘मुंबईकर मंडळी’. आणि त्याखाली, तपेल्याला वळसा घालत, माणसांची नावं. तीन ओळी. सगळी पुरुषांची.

हौसेराव नेहमीसारखे व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. चष्मा घरात होता. तपेल्याकडे त्यांनी आल्यापासून एकदाही धड पाहिलं नव्हतं. आता काळ्यातून तांबडं दिसायला लागल्यावर ते उठले. जवळ आले. नावं वाचायचा प्रश्नच नव्हता, त्यांना तेवढं दिसत नव्हतं. त्यांनी तपेल्याची एक कडी हातात धरली आणि म्हणाले, “हिच्या खाली बुडाला डाग हाय बघ. नाण्याएवढा. भोक पडलं व्हतं, त्यो डाग मीच देऊन आनला व्हता.”

गीतांजलीने वाकून पाहिलं. डाग होता.

“मामा?”

“आमच्या गाळ्याचं तपेलं हाय हे.”

ज्यांना गाळा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साताऱ्याकडची माणसं मुंबईत हमालीला यायची ती एकेकटी खोली घेऊन राहायची नाहीत. गावाने वर्गणी काढून चाळीत एक खोली घ्यायची. तो गावाचा गाळा. गावातून जो येईल तो तिथे उतरायचा, तिथेच जेवायचा, तिथेच निजायचा. खोली गावाची, चूल गावाची, आणि वर्गणी देणाऱ्यांची नावं घातलेलं हे तपेलंही गावाचं.

“वाच,” हौसेराव म्हणाले. “येक येक वाच.”

“गणपत राऊ.”

“माझा बा.” त्यांनी एवढंच सांगितलं. “पुढं.”

“किसन बाळा.”

“दोन पोती एकदम उचलायचा, अन् दिवेलागण झाली की भिंत धरून चालायचा. रातांधळा. मार्केटात कुनाला कळू दिलं न्हाई. आमी त्याचा हात धरून आनायचो, लोकास्नी वाटायचं दोस्ती हाय.”

“धोंडी सखाराम.”

हौसेराव हसले. “ह्यो समद्यांची पत्रं ल्याहायचा. गावातल्या समद्या बायकास्नी ह्याचंच अक्षर ठावं. एका गड्यानं हौसेनं सोताच्या हातानं पत्र धाडलं, तर बायकूनं परत पाठवलं. म्हनली, हे माझ्या मालकाचं न्हाई.”

व्हरांड्यात दोन-चार माणसं जमली. रणजीत मार्केटातून आला तो पायऱ्यांवरच बसला. गीतांजली वाचत होती आणि म्हातारा सांगत होता. ज्ञानू आणि बाबू एकाच वळकटीवर निजायचे, एकाची दिवसपाळी आणि दुसऱ्याची रात्रपाळी. एक उठला की त्याच उबेत दुसरा आडवा. वर्षानुवर्षं असं चाललं, पण सणाची सुट्टी सोडली तर दोघांनी एकमेकांचं तोंड नीट पाहिलेलं नव्हतं. कुणी पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून गेला. कुणी गावी जाऊन पहिलवान पोरगा वाढवला. कुणाला वरण ढवळताना गायची सवय, आणि आवाज असा की लोक म्हणायचे, बाबा, आळणी चालंल पन गप बस.

इतकी वर्षं गीतांजली नावं जपत होती. घासून उजळवत होती, त्यांचे फोटो काढत होती. पण नाव म्हणजे तिच्या लेखी धातूवरची ठिपक्यांची ओळच. त्या ओळीतून कुणी बाहेर येऊ शकतं, तेही हसत, शिव्या देत, भिंत चाचपत, हे तिने कधी मनातही आणलं नव्हतं. तपेल्याभोवती गावच्या गाव उभं होतं आणि तिला वाटलं, आपण जरा बाजूला सरकून त्यांना जागा द्यावी.

तिसरी ओळ वाचून झाल्यावर गीतांजलीने चिंचेचा हात पुसला.

“हे भंगारात कसं गेलं, मामा?”

“चाळ पाडायची ठरली तवा मंडळाची मीटिंग झाली. पोरं म्हनली, जुनं सामान मोडीत काढायचं. मला वाटलं मोडक्या खाटा असतील, पत्रं असतील. हात वर करा म्हनले.” त्यांनी तपेल्याच्या काठावरून तळवा फिरवला. “हात वर करनाऱ्यात मी बी व्हतो.”

मग हात मागे घेऊन ते म्हणाले, “तू इकून टाक. शब्द दिलायस. धंदा हाय तुजा.”

गीतांजलीने तिथल्या तिथे निशांतला फोन लावला.

“सर, भांडं देते. पण नावं राहतील.”

“ताई, झाडं लावायची आहेत त्यात. नावं कोण वाचतंय?”

“म्हणूनच सांगते, प्लेन होणार नाही.”

“मग राहू दे. दुसरं बघतो.”

“बघा.”

फोन ठेवल्यावर तिने मनात हिशेब मांडला, हे तिने मला नंतर कबूल केलं. गाठीचा पैसा तपेल्यात, खोली हातची गेली, पाडवा तोंडावर. रणजीत म्हणाला, “येडी हायेस का?” पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तोही मघापासून नावं ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमधून आली तर हौसेरावांनी कॉटखालची स्वतःची ट्रंक ओढून काढली होती आणि शेजारच्या पोरांकडून माळ्यावर चढवून घेतली होती. कॉटखाली भिंतीपर्यंत जागा झाली होती.

“मामा, पाडव्याचं काय?”

“पाडव्याला गुडी उभारायची. दुसरं काय करत्यात?”

मग ती पेजवर रोज एक नाव टाकायला लागली. फोटो नावाचा आणि आवाज हौसेरावांचा. चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी ऐरोलीहून एका मुलीचा मेसेज आला, “किसन बाळा माझे पणजोबा. ते रातांधळे होते हे घरात कुणालाच माहीत नाही.” त्यानंतर बांध फुटला. कळव्याहून आले, ठाण्याहून आले, दुबईहून फोन आले. माणसं सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन व्हरांड्यात यायची. आपलं नाव शोधायची. सापडलं की बोट त्यावर ठेवून नुसती उभी राहायची. एका आजोबांनी चप्पल काढली, ते पाहून सगळेच काढायला लागले. वसाहतीच्या व्हरांड्यात चपलांची रांग! गीतांजली चहा करता करता दारातून बघत राहायची. मीही एकदा पाहिलं. मी देवळात हात जोडत नाही. तिथे जोडले.

धंदाही वाढला, हे सांगायला हवं, ती काही संन्यासीण नाही. लोक तपेलं बघायला यायचे आणि जाताना एखादी चरवी घेऊन जायचे. ती खोली शेवटी तिने घेतली.

तपेलं मात्र नफ्यावर विकलं नाही. गावच्या मंडळाची तीच पोरं मान खाली घालून आली आणि म्हणाली, उत्सवाला गावी नेतो, महाप्रसाद यातच करू. तिने भंगारात मोजलेले वजनाचे पैसे तेवढे मंडळ देणार. गीतांजलीने एकच अट घातली. आतून कल्हई लावा, बाहेरून बफिंगचं चाक लावलंत तर गावी येऊन परत घेऊन जाईन.

न्यायच्या आधी तिने सगळी नावं पुन्हा एकदा वाचली आणि सासऱ्यांना विचारलं, “मामा, तुमचं कुठंय?”

“मी पोरगा व्हतो तवा. वर्गणी न्हाई दिली. नुसतं खाल्लं.”

“आता घालू या. तुमच्या वडिलांच्या शेजारी जागा आहे.”

“हॅट! काय तरीच.” पण दुपारी त्यांनी स्वतःच विषय काढला. “मशीनचं नगं. हातानं ठोकनारा पायजे.”

असा एक म्हातारा पनवेलच्या बाजारात बसतो, असं कळलं होतं. तपेलं काही तिथवर नेता येणार नव्हतं, त्यालाच घेऊन यायचं होतं. रविवार ठरला. हौसेराव धुतलेली टोपी घालून तयार होऊन बसले, आणि लॅबने गीतांजलीला रक्ततपासणीच्या शिबिराला बोलावलं. पुढच्या रविवारी ती मोकळी होती, तर हौसेरावांचा गुडघा धरला. त्याच्या पुढच्या रविवारच्या आदल्या दिवशी गावचा टेम्पो आला. हौसेरावांनी स्वतः कडी धरून तपेलं वर चढवायला हात लावला.

“दोन दिवस थांबा म्हणू का त्यांना?” तिने हळूच विचारलं.

“उत्सव थांबतोय व्हय? जाऊ दे. गावाला जाऊन घालू.”

उत्सव होऊन गेला. पनवेलच्या त्या माणसाला गावी न्यायचं अजून दोघं बोलतात. ती म्हणते मामांमुळे राहिलं, ते म्हणतात हिच्या लॅबमुळे. गणपत राऊच्या शेजारी बोटभर तांबं तसंच कोरं आहे.