साडूंची शेवटची ओव्हर

निवृत्तीचं वय सरकारी नोकरांना असतं, शर्यतीच्या घोड्यांना असतं, जुन्या मोटारींनाही असतं. पण वेगवान गोलंदाजाला ते नसतं, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस अख्ख्या बहारीनमध्ये होता, आणि दुर्दैवाने ते माझे साडू होते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दर शुक्रवारी सकाळी तुबलीतल्या गॅरेजांमागच्या मोकळ्या मैदानावर आमची मराठी मंडळींची टीम टेप गुंडाळलेल्या चेंडूने क्रिकेट खेळायची, आणि साडू त्या टीमचा 'मुख्य मारा' होते. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं. एके काळी ते खरोखर चांगली गोलंदाजी करत, असं जुने लोक सांगतात. मी बहारीनला आलो तोवर मुख्य तेवढं उरलं होतं, मारा संपला होता.

त्यांचा रनअप इतका लांब होता, की ते निघाले की बॅट्समन ग्लोव्हज काढून पुन्हा घालत असे. अर्ध्या वाटेत ते एकदा थांबत. दम लागला म्हणून नव्हे, 'फलंदाजाची लय बिघडवायला'. मग चेंडू सुटे, तो असा संथपणे, की वाटेत त्याचा विचार बदलेल अशी भीती वाटावी. षटकार बसला की साडू चेंडूकडे न बघता आमच्याकडे बघत. "तिथे कोण होतं? मी तिथे फिल्डर मागितला होता!" तिथे म्हणजे गॅरेजच्या पत्र्यावर. स्लिपमध्ये त्यांच्या हातून झेल सुटला तर डोळ्यांवर ऊन येई, ढग असले तर हवेतला दमटपणा आड येई, आणि दोन्ही नसलं तर मी शेजारी उभा राहून लक्ष विचलित केलेलं असे. पायचीत तर ते आयुष्यात कधी झाले नाहीत. अंपायरने बोट वर केलं की ते शांतपणे म्हणत, "बोट खाली घे, खेळ चालू दे." आणि अंपायर बहुधा त्यांच्याच ऑफिसातला ज्युनिअर असल्याने बोट खाली येई.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं. पण एका स्पर्धेच्या सेमीफायनलला शेवटची ओव्हर उरली, समोरच्यांना बऱ्याच धावा हव्या होत्या, आणि आमचा कप्तान दाऊद चांगल्या तरुण बोलरच्या हातात चेंडू देत होता, तेव्हा साडूंनी तो मधेच काढून घेतला. दाऊद रत्नागिरीचा, त्याचं मैदानालगतच गॅरेज, स्वभावाने गरीब. "काका, आज नको," तो म्हणाला. साडू म्हणाले, "असल्या ओव्हर पोरासोरांच्या नसतात." पहिले दोन चेंडू वाइड गेले. पुढचे पत्र्यावर गेले. ओव्हर पुरी व्हायच्या आतच सामना संपला, आणि साडू अंपायरला वाइडचा नियम समजावत राहिले.

संध्याकाळी दाऊदचा फोन आला. "भाऊ, पोरं म्हणतायत, एक तर काका नाय तर आम्ही. तुमी त्यांचं नातेवाईक, तुमीच सांगा. खलास करा आता."

दुसऱ्या दिवशी मी बुदैयाला त्यांच्या घरी गेलो. साडू गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. ताईंनी चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या. मी एक सौम्य वाक्य मनात घोळवून आलो होतो, पण त्यांनी "वाऱ्याची दिशा बघितलीस का काल?" असं सुरू केल्यावर माझा तोल गेला. "साडूभाऊ, वाऱ्याचं राहू द्या. टीमला आता तुम्ही नको आहात. थांबा आता."

त्यांनी गुडघ्यावरची पिशवी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कंपनीनेही परवा हेच सांगितलं. व्हिसा पुढे वाढवणार नाहीत. पण त्यांनी निदान त्यांचा चहा पाजून सांगितलं. तू माझ्याच घरी बसून, माझाच चहा पीत सांगतोयस."

मी कप खाली ठेवला. "ताईंना माहीत आहे?" मी विचारलं.

"तिने सामान बांधायलासुद्धा घेतलंय. मी आपलं म्हटलं, निघेपर्यंतचे शुक्रवार तरी खेळून घ्यावेत."

आता असल्या वेळी दुसरा माणूस गप्प घरी बसला असता. साडू पुढच्या शुक्रवारी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत मैदानावर हजर झाले आणि भर उन्हात त्यांनी भाषण केलं. नव्या रक्ताला वाव मिळावा म्हणून आपण स्वखुशीने बाजूला होत आहोत, हा त्याचा सारांश. विस्तार ऐकताना दोघे जण सावलीला जाऊन बसले. दाऊदला राहवलं नाही. "काका, एक बॉल टाका. मी बॅटिंगला," तो म्हणाला, आणि माझ्या कानात, "सोडतो मी, दांडी उडू दे." साडूंनी आधी फिल्डिंग लावली. मला चारदा हलवलं. मग धावले, मधे थांबले, पुन्हा धावले. चेंडू स्टंपांपासून इतक्या लांबून गेला, की सोडायलाही काही उरलं नाही. दाऊदने क्षणभर विचार केला, वळला, आणि स्वतःच्या बॅटने स्टंप पाडले. सगळ्यात मोठ्याने अपील साडूंनीच केलं.

आता टीम चांगली खेळते. झेल पकडले जातात, अंपायरचं बोट वर गेलं की वरच राहतं. सामना वेळेत संपतो आणि जो तो आपापल्या गाडीत बसून निघून जातो. पूर्वी आम्ही साडूंना शिव्या घालायला म्हणून दुपारपर्यंत थांबायचो. आता थांबायचं कशासाठी, ते कुणाला सुचत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा सांगलीहून फोन आला. तिथल्या कॉलनीच्या टीममध्ये ते नवा चेंडू टाकतात म्हणे. "इथे माणसं कदर करतात," ते म्हणाले. "फिल्डिंग मात्र गचाळ आहे." त्या अनोळखी बिचाऱ्यांची मला मनापासून कीव आली. फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने त्याच बिचाऱ्यांचा हेवाही वाटला.